गंजलेला बोल्ट कसा सोडवावा

जुनी मोटार पुन्हा उभी करायची म्हणजे काय करायचे? इंजिन खोलायचे, पत्रा ठोकायचा, रंग द्यायचा, गाद्या शिवायच्या. आपल्याला एवढेच दिसते. पण गॅरेजात काम करणाऱ्या माणसाला विचारा. तो सांगेल, "खरा वेळ खातो तो बोल्ट." वीस-तीस वर्षांत ज्याला कोणी पाना लावला नाही, असा बोल्ट. तो नुसता घट्ट नसतो, रुतून बसलेला असतो.

हा बोल्ट नीट सुटला तर काम पाच मिनिटांचे. तुटला तर दोन दिवसांचे. आणि त्या दोन दिवसांची मजुरी कोणी सोसायची, यावरून मालक आणि मिस्त्री यांची बोलाचाली ठरलेलीच. म्हणून बोल्ट न तोडता कसा सोडवावा, हे आज आपण समजून घेऊ. उदाहरण मोटारीचे घेतले आहे. पण विहिरीवरच्या पंपाला, उसाच्या चरकाला, घरच्या सायकलीलाही हीच रीत लागू पडते.

पद्मिनी मोटार

उदाहरणाला आपण पद्मिनी गाडी घेऊ. ज्याने मुंबई पाहिली आहे त्याला ती ओळखीची आहे. काळे अंग, पिवळे टप, अशी ती टॅक्सी. गाडी मूळची इटली देशातील फियाट कंपनीची. आपल्याकडे प्रीमियर कंपनी ती मुंबईत कुर्ल्याच्या कारखान्यात बनवीत असे. १९६४ साली ती 'फियाट ११०० डिलाइट' या नावाने निघाली. पुढे १९७४ पासून तिला पद्मिनी हे नाव मिळाले. या शतकाच्या आरंभी ती तयार होणे बंद झाले. मुंबईतील शेवटच्या पद्मिनी टॅक्सीची मुदत ऑक्टोबर २०२३ मध्ये संपली.

टॅक्सी गेल्या, पण गाड्या सगळ्या गेल्या नाहीत. कोणी वडिलांची आठवण म्हणून जपून ठेवली आहे. कोणी हौसेने विकत घेतली आहे. अशी गाडी झाडाखाली, गोठ्याशेजारी, पत्र्याच्या छपरात वर्षानुवर्षे उभी असते. मग एके दिवशी मालकाच्या मनात येते, ही पुन्हा चालवावी. तेव्हा ती गॅरेजात येते आणि बोल्टांचा कस लागतो. मुंबई-कोकणात राहिलेली गाडी असली तर विचारूच नका. चार महिने पाऊस आणि बारा महिने खारी हवा. सोलापूरकडच्या कोरड्या हवेतली गाडी त्या मानाने बरी निघते.

आटे कसे अडकतात

बोल्ट म्हणजे डोके असलेला लोखंडी दांडा. त्याच्या अंगावर गोल फिरत गेलेल्या खाचा असतात. त्यांना आटे म्हणतात. नटाच्या पोटातही तसेच आटे असतात. दोन्ही आटे एकमेकांत फिरले की नट बसतो. ज्या दांड्याला डोके नसते, दोन्ही टोकांना आटेच असतात, त्याला स्टड म्हणतात. स्टडचे एक टोक इंजिनात रोवलेले असते. दुसऱ्या टोकावर नट बसतो.

बोल्ट कितीही आवळला तरी आट्या-आट्यांत अगदी बारीक फट राहतेच. त्या फटीत पाणी शिरते. लोखंड, पाणी आणि हवेतील प्राणवायू या तिघांची गाठ पडली की गंज धरतो. त्यात मीठ असले की गंज लवकर वाढतो.

आता गंजाचा एक गुण नीट लक्षात घ्या. जेवढे लोखंड गंजते, त्याच्या दुपटीहून जास्त जागा गंज घेतो. डब्यात डाळ गच्च भरा, वर पाणी ओता आणि झाकण घट्ट लावा. सकाळी काय होईल? डाळ फुगून झाकण उचलेल. आट्यांमध्ये गंज असाच फुगतो. पण तिथे उचलायला झाकण नसते. म्हणून तो आतल्या आत दाब देऊन बसतो. 'बोल्ट जाम झाला' असे आपण म्हणतो, ते हेच.

म्हणजे आपले भांडण बोल्टाशी नाही. मधल्या गंजाशी आहे. गंज ठिसूळ असतो. त्याचा भुगा होऊ शकतो. पण भुगा व्हायला हादरा लागतो, भुगा बाहेर यायला तेल लागते आणि तेल आत जायला वेळ लागतो. नुसता जोर लावला तर गंज जिथल्या तिथे राहतो आणि बोल्टच पिळवटून तुटतो.

आधी साफ, मग तेल

पहिले काम पाना हातात घेण्याचे नव्हे. पहिले काम तारेचा ब्रश हातात घेण्याचे. बोल्टाचे जे आटे नटाच्या बाहेर दिसतात, ते घासून साफ करा. चिखल, जुना रंग, जळके ग्रीस, सगळे काढा. खाचांत बसलेली घाण टोकदार खिळ्याने कोरून काढा. असे का? नट सुटताना याच आट्यांवरून बाहेर येणार आहे. वाटेत दगड असले तर गाडी पुढे जाईल का? पुष्कळ बोल्ट तुटतात ते सुरुवातीला नव्हे, नट दोन फेरे फिरल्यावर तुटतात. कारण बाहेरचे आटे कोणी साफच केलेले नसतात.

मग तेल. तेल पातळ पाहिजे. कंदिलाची वात आठवा. रॉकेल वातीतून आपोआप वर चढते ना? तसेच पातळ तेल बारीक फटीतून आत ओढले जाते. दाट ग्रीस जात नाही. बाजारात जाम बोल्टांसाठी डब्यातले फवाऱ्याचे तेल मिळते. ते नसेल तर डिझेल किंवा रॉकेल यांत थोडे इंजिनचे तेल मिसळून घालतात. पातळ तेल आत शिरते आणि इंजिनचे तेल आत गेल्यावर आटे बुळबुळीत ठेवते.

तेल घातले की हातोडीने बोल्टाच्या डोक्यावर हलके ठोके द्या. दहा-पंधरा ठोके. ठोकण्याचा हेतू वाकवणे नव्हे, हादरा देणे. हादऱ्याने गंजाला बारीक चिरा पडतात आणि त्या चिरांतून तेल आत जाते. नट असेल तर नटाच्या बाजूच्या सपाट अंगावर ठोका. दांड्याच्या टोकावर सरळ ठोकू नका. टोकाचे आटे चेपले की नट बाहेरच येणार नाही.

आणि मग? मग काही करू नका. दुसऱ्या कामाला लागा. संध्याकाळी पुन्हा तेल, पुन्हा ठोके. दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा. ही गोष्ट तरुण पोरांना सर्वांत जड जाते. शाळेत तीस-पस्तीस वर्षे मुलांना शिकवून मला एवढे कळले आहे की, 'थांब' ही शिकवण देणे पाढे शिकविण्यापेक्षा अवघड आहे.

पाना मापाचा हवा

पानाही नीट निवडला पाहिजे. पद्मिनी इटलीच्या घराण्यातली, म्हणून तिचे बोल्ट मिलिमीटरच्या मापाचे. अ‍ॅम्बेसेडर गाडी इंग्लंडच्या मॉरिस गाडीवरून घेतलेली. तिच्या जुन्या बोल्टांचे माप इंचात. आता गंमत पाहा. अर्धा इंच म्हणजे १२.७ मिलिमीटर. त्यावर १३ मिलिमीटरचा पाना बसतो. बसतो खरा, पण ०.३ मिलिमीटर सैल बसतो. सैल पाना जोराने ओढला की नटाचे कोपरे झिजतात, नट गोल होतो. मग त्याला कोणताच पाना धरत नाही. म्हणून पान्यावरचा आकडा वाचा. अंदाजाने पाना उचलू नका.

उघड्या तोंडाचा पाना नटाला दोनच बाजूंनी धरतो. रिंग पाना किंवा गोटी सगळीकडून धरते. जाम नटाला सहा कोनांची गोटी सर्वांत चांगली.

नट कोणत्या दिशेने सुटतो हेही आधी पाहावे. बहुतेक नट घड्याळाच्या काट्याच्या उलट दिशेने सुटतात. पण सगळे नाहीत. जुन्या विलीज जीपच्या डाव्या बाजूच्या चाकांचे नट उलट आट्यांचे होते. ते माहीत नसलेला माणूस नट सोडतो आहे असे समजून आवळतच बसतो.

आखूड पाना आणि लांब पाईप

आता जोराचा हिशेब करू. हिशेब सोपा आहे, घाबरू नका.

१३ नंबरचा पाना वीतभरही लांब नसतो. सुमारे १७ सेंटिमीटर भरतो. तो बसतो ८ मिलिमीटर जाडीच्या बोल्टाला. समजा, आपण पान्याच्या टोकाला १५ किलोचा जोर लावला. पीळ किती पडला? १५ किलो गुणिले ०.१७ मीटर, म्हणजे सुमारे अडीच. चांगल्या प्रतीच्या ८ मिलिमीटर बोल्टाला बसवताना जवळपास एवढाच पीळ द्यायचा असतो. म्हणजे पाना करणाऱ्याने तो उगीच आखूड केलेला नाही. हाताने बेताचा जोर लावला तर बोल्टाला सोसेल एवढाच पीळ पडावा, म्हणून लहान बोल्टाचा पाना लहान.

आता त्याच पान्यात पाईप घालून लांबी ६० सेंटिमीटर करा. हात तोच, जोर तोच १५ किलोचा. पण पीळ झाला नऊ. साडेतीन पट! आपल्या हाताला वाटते, आपण हलकेच ओढतो आहोत. बोल्टाला मात्र मरण आले. पहारीने मोठा दगड उलथतो, त्यातली ही युक्ती आहे. दगड उलथायला ती चांगली. लहान बोल्टाला वाईट.

मग सोडताना काय करावे? आधी किंचित आवळावे. हो, आवळावे. सोडायच्या आधी घट्ट करायचे हे ऐकून पुष्कळ जण हसतात. पण उलट्या बाजूला जरासे हलले तरी गंजाची पकड फुटते. मग सोडण्याकडे ओढावे. थोडा हलला की थांबावे. पुन्हा आवळण्याकडे न्यावे. तेल घालावे. पुन्हा सोडावे. पाव फेरा पुढे, तितकाच मागे, असे करीत करीत नट बाहेर आणावा. मागे नेल्याने गंजाचा भुगा आट्यांतून मोकळा होतो. नेत राहिलो एकाच दिशेने, तर तोच भुगा पुढे साचतो आणि नट मध्येच पुन्हा अडकतो.

हाताला एक खूण कळू लागते. नट सुटताना 'कट्' असा आवाज येतो आणि पाना कडक हलतो. पण पाना आवाज न करता मऊ मऊ फिरू लागला, चिक्की ओढल्यासारखा वाटला, तर ताबडतोब थांबावे. नट सुटत नाही, बोल्ट पिळतो आहे.

आमच्या गावच्या गॅरेजातील गोष्ट

आमच्या गावात एक गॅरेज आहे. संध्याकाळी मी तिथे जाऊन बसतो. मिस्त्री चौथीपर्यंत शिकलेले, पण हात फार जाणता. गेल्या वर्षी त्यांच्याकडे एक पद्मिनी आली. मालकाचे वडील मुंबईत टॅक्सी चालवीत. गाडी घराच्या मागे बरीच वर्षे उभी होती. सायलेन्सरचा पाईप इंजिनाला जिथे जोडलेला असतो, तिथले नट पूर्ण गंजून गेले होते. ही जागा सर्वांत वाईट. रोज तापते, रोज निवते, वर पाणी उडते.

मिस्त्रींनी पहिल्या दिवशी नुसते घासले आणि तेल घातले. दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी मालक आले. ते म्हणाले, "मिस्त्री, अजून चार नट निघेनात? पाईप लावा आणि ओढा की!"

मिस्त्री म्हणाले, "दादा, ओढला तर आत्ता निघंल. पण निम्मा माझ्या हातात आणि निम्मा तुमच्या इंजिनात."

मालक रागानेच गेले. त्यांचेही खरे होते. गाडी त्यांना वडिलांच्या वर्षश्राद्धाच्या आत हवी होती, आईला तीत बसवून देवाला न्यायचे होते. हाताखालचा पोरगा हे सगळे ऐकत होता. मिस्त्री चहाला गेले तेवढ्यात त्याने पाईप लावला. मी 'अरे, थांब' म्हणेपर्यंत टक्कन् आवाज झाला. नट आणि स्टडाचा तुकडा त्याच्या हातात आला.

मिस्त्री परत आले. पोरगा म्हणाला, "उस्ताद, तुटला." मला वाटले, आता थोबाडीत बसणार. मिस्त्रींनी तुकडा हातात घेतला, उजेडाकडे धरला आणि त्याला दाखविला. तुटलेल्या तोंडाची कडा काळी होती. मधला एवढासा भाग चकचकीत होता. "हे बघ," ते म्हणाले, "काळं आहे तेवढं आधीच चिरलेलं होतं. धरून होतं ते हे मधलं. एवढ्यावर तू पाईप घातलास." मग राहिलेल्या तीन नटांना कोणी हात लावायचा नाही, असे सांगून ते घरी गेले. ते तीन चौथ्या दिवशी सुटले. एकाला आच द्यावी लागली. तुटलेल्या चौथ्याने पुढचा दीड दिवस खाल्ला. मजुरी मिस्त्रींनीच सोसली. आई देवाला गेली ती वर्षश्राद्धाच्या दोन दिवस आधी.

आच कशी द्यावी

तेलाने भागले नाही तर आच द्यावी लागते. तिचे शास्त्र आपल्या गाडीवानांना जुने माहीत आहे. बैलगाडीच्या चाकाला लोखंडी धाव बसवतात, तेव्हा काय करतात? धाव आगीत तापवतात. तापली की ती मोठी होते आणि चाकावर सहज चढते. पाणी ओतले की आवळून बसते.

नटाचेही तेच. नट तापवला की त्याचे भोक मोठे होते. किती मोठे? १० मिलिमीटरचे भोक ३०० अंशांनी तापले तर सुमारे ०.०३५ मिलिमीटरने वाढते. फार थोडे दिसते. पण गंजाची पकड फोडायला पुरते. मात्र नट तापवायचा, बोल्ट नव्हे. म्हणून ज्योत नटाच्या बाजूंवर फिरवावी आणि झटपट काम करावे. सावकाश तापवत बसलो तर आतला बोल्टही तापून फुगतो आणि फायदा जातो.

काही मिस्त्री तापलेल्या बोल्टाला मेणबत्ती टेकवतात. मेण वितळून आट्यांत ओढले जाते आणि निसटते करते. लोखंड लालभडक असताना मात्र मेण किंवा तेल लावू नये, भडका उडतो.

अ‍ॅल्युमिनियमच्या भागाजवळ फार जपावे. लोखंड वितळण्याआधी लाल होते, आपल्याला सूचना देते. अ‍ॅल्युमिनियम ६६० अंशांना वितळते आणि उजेडात त्याचा रंग काही बदललेला दिसत नाही. बघता बघता कोपरा गळून पडतो.

जो बोल्ट लाल होईपर्यंत तापला, तो पुन्हा वापरू नये. त्याची ताकद गेलेली असते.

आग, डोळा आणि हात

आच देण्यापूर्वी चहूकडे पाहावे. पेट्रोलची टाकी कुठे आहे? पेट्रोलची नळी कुठून जाते? ब्रेकची रबरी नळी जवळ आहे का? फवाऱ्याचे तेलही पेट घेते. ते पुसून, वाळू देऊन मगच ज्योत लावावी. रिकामी टाकी भरलेल्या टाकीपेक्षा धोक्याची, कारण तिच्यात पेट्रोलची वाफ असते. टाकीजवळचा बोल्ट असेल तर ज्योतीचे नावच काढू नये. शॉक अ‍ॅब्सॉर्बर चारी बाजूंनी बंद असतो, आत तेल असते. तो तापवला तर फुटू शकतो. ब्रेकचे भाग धुण्याचे काही फवारे असे असतात की ते तापले तर विषारी वायू होतो. म्हणून धुतलेल्या भागावर लगेच वेल्डिंग करू नये. जुन्या ब्रेकच्या अस्तरात अ‍ॅस्बेस्टॉस असे. त्याची धूळ फुप्फुसात गेली तर पुढे वर्षानुवर्षांनी आजार होतो. ड्रम उघडल्यावर हवेने धूळ उडवू नका. ओल्या फडक्याने पुसा आणि फडके पिशवीत बांधून टाका.

आणि डोळे. गाडीखाली उताणे झोपून वर ब्रश मारला की गंज सरळ डोळ्यात पडतो. माझा एक विद्यार्थी होता. गणितात हुशार, वर्गात पहिला-दुसरा यायचा. घरची परिस्थिती नव्हती म्हणून दुसऱ्या एका गावी गॅरेजात लागला. तिथे जुनी छिन्नी होती. ठोकून ठोकून तिचे डोके फुलासारखे पसरले होते. गंजलेला नट फोडताना त्या डोक्याची कपची उडाली आणि त्याचा डावा डोळा गेला. चष्मा गॅरेजात होता. भिंतीला टांगलेला होता. तो आता पानपट्टी चालवतो. सुटे पैसे देताना मान वाकडी करून पाहतो.

छिन्नीचे डोके पसरले असेल तर घासून नीट करावे. डोळ्यांवर चष्मा लावावा. पाना ढकलू नये, आपल्याकडे ओढावा. ढकलताना नट एकदम सुटला की बोटांची हाडे पत्र्यावर आपटतात. गाडीखाली जाण्याआधी तिला लोखंडी घोडीवर टेकवावे. नुसत्या जॅकवर किंवा विटांवर ठेवलेल्या गाडीखाली कधीही जाऊ नये. जोराने पाना ओढला की गाडी हलते, हे विसरू नका. कापले-खरचटले तर जखम साबणाने धुवावी आणि धनुर्वाताची सुई घेतली आहे की नाही ते दवाखान्यात विचारावे. धनुर्वात गंजाने होत नाही, मातीतल्या जंतूंनी होतो. पण गंजलेल्या खडबडीत लोखंडावर माती असतेच.

नट गोल झाला किंवा बोल्ट तुटला तर

नट गोल झाला असेल आणि जागा असेल तर हेक्सा ब्लेडने तो उभा कापावा. पूर्ण कापायचा नाही. आट्यांच्या अगदी जवळ आले की थांबायचे आणि चिरेत छिन्नी घालून एक ठोका द्यायचा. नट उमलतो, बोल्टाचे आटे वाचतात. ब्रेकच्या ड्रमवरचे स्क्रू सुटत नसतील तर एक खास पेचकस मिळतो. त्याच्या डोक्यावर हातोडी मारली की टोक दाबतेही आणि थोडे फिरतेही. ही चीज विकत घेऊन ठेवण्यासारखी आहे.

बोल्ट तुटला आणि थोडा बाहेर राहिला असेल तर त्यावर नवा नट ठेवून, नटाच्या भोकातून वेल्डिंग करून दोघांना जोडतात. यात दुहेरी काम होते. धरायला डोके मिळते आणि वेल्डिंगच्या उष्णतेने गंजही सुटतो. थोडे निवू द्यावे आणि मग हळूहळू मागे-पुढे फिरवावे. त्या पद्मिनीच्या चौथ्या स्टडवर मिस्त्रींनी हेच केले. पहिले दोन नट निघून आले, तिसरा टिकला.

आतच तुटला असेल तर ड्रिल करावे लागते. आधी तुटके तोंड कानशीने सपाट करा. अगदी मधोमध पंचाने खूण करा. मग ३ मिलिमीटरचे भोक, सरळ. हे भोक वाकडे गेले तर पुढचे सगळे वाकडे. बाजूला अ‍ॅल्युमिनियम असेल तर ड्रिल मऊ धातूकडे पळते, म्हणून घाई नको. ८ मिलिमीटरच्या बोल्टासाठी भोक वाढवत ६.८ मिलिमीटरपर्यंत न्यावे. त्यानंतर आट्यांत राहिलेली लोखंडाची साल टोकदार सळईने सोलून काढता येते. शेवटी टॅप फिरवून आटे साफ करावेत. बाजारात तुटका बोल्ट काढायची उलट्या आट्यांची अवजारे मिळतात. ती फार कडक असतात. एखादे आत तुटले तर साधे ड्रिल त्यावर चालत नाही आणि दुखण्यापेक्षा औषध भारी होऊन बसते. माझ्या मते नवशिक्याने त्यांच्या वाटेला जाऊ नये.

बसवताना

काढलेले बोल्ट एका डब्यात टाकू नयेत. कुठला बोल्ट कुठला, हे चिठ्ठीवर लिहून, चिठ्ठीसकट वेगळ्या पिशवीत ठेवावेत. गंजाने बारीक झालेला, वाकलेला, आटे खाल्लेला बोल्ट पुन्हा लावू नये.

नवा बोल्ट घेताना त्याच्या डोक्यावरचा आकडा वाचा. ८.८ असे लिहिलेले असते, किंवा १०.९. हा आकडा मापाचा नाही, ताकदीचा आहे. ८.८ मधला पहिला ८ सांगतो की, दर चौरस मिलिमीटरला सुमारे ८० किलोची ओढ सोसून मग बोल्ट तुटतो. कमानपाटे, स्टिअरिंग, ब्रेक या ठिकाणी मूळ बोल्टावर जो आकडा होता तोच, किंवा गाडीच्या पुस्तकात सांगितला असेल तो घ्यावा. वजनावर मिळणारा बिनखुणेचा बोल्टही तितकाच चकचकीत दिसतो. दुकानदारही म्हणेल, "घ्या हो, एकच आहे." एक नाही. घाटात वळणावर स्टिअरिंगचा बोल्ट तुटला तर दुकानदार गाडीत नसतो.

बसवताना आट्यांना थोडे ग्रीस लावावे. सायलेन्सरजवळ साधे ग्रीस जळून जाते, तिथे तांब्याची भुकटी मिसळलेले ग्रीस लावतात. ब्रेकच्या अस्तराला मात्र ग्रीसचे बोटही लागू देऊ नये. चाकांचे नट कोरडेच आवळावेत. आट्यांना तेल असले की तेवढ्याच जोरात नट जास्त आवळला जातो आणि स्टड ताणला जातो. सगळे नट आधी हाताने दोन-तीन फेरे बसवावेत, मग पाना लावावा. आट्यावर आटा चढला असेल तर ते हाताला लगेच कळते. पान्याला कळत नाही. चाकांचे नट समोरासमोरचे घेत आवळावेत आणि गाडी पन्नास-शंभर किलोमीटर चालली की ते पुन्हा एकदा तपासून पाहावेत.